डोंगरावरची नगरे

भूमध्य समुद्रास लागून असलेल्या देशांत गावे डोंगरमाथ्यावर वसविण्याची चाल फार पुरातन आहे. स्पेनपासून ग्रीसपर्यंत कोठेही गेले, तरी खाली द्राक्षांचे व ऑलिव्हचे मळे, वर तट, आणि तटाच्या आत एकमेकांस बिलगून बसलेली दगडी घरे हा देखावा वारंवार दृष्टीस पडतो. त्याची कारणे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सखल भागात दलदल आणि तिच्या पाठोपाठ हिवताप होता. सैन्यांच्या आणि लुटारूंच्या वाटाही तेथूनच जात. शिवाय पिकाऊ जमीन थोडी, ती घरांखाली घालविणे परवडण्यासारखे नव्हते.

डोंगर आणि तट हे शब्द एकत्र ऐकताच मराठी वाचकास गड आठवतो, व ते साहजिकच आहे. परंतु एक भेद आरंभीच ध्यानात ठेवावयास हवा. आपला गड हे मुख्यतः राज्याचे ठाणे असे; वर शिबंदी, दारूगोळा आणि धान्याची कोठारे असत, आणि रयत बहुतांशी खाली मुलखात राहत असे. इटलीच्या डोंगरी नगरांत लोकवस्तीच वर होती. पेठ, पेढी, देवालय, न्यायकचेरी आणि विहीर ही सर्व एकाच तटात सामावलेली असत. बाराव्या शतकापासून यांतील कित्येक नगरे आपले कायदे आपण करीत, आपले अधिकारी आपण नेमीत आणि शेजारच्या नगराशी स्वतःच्या हिमतीवर लढाई करीत. एकेक डोंगर म्हणजे एकेक राज्यच होते.

अशा पाच नगरांचा एक लहानसा प्रवास आम्ही येथे वाचकांपुढे मांडणार आहोत. फ्लॉरेन्सहून मोटारीने निघावे. सान जिमिन्यानो, वोल्तेर्रा, सिएना आणि पिएन्झा पाहून टस्कनीची हद्द ओलांडावी, आणि उम्ब्रिया प्रांतातील मोन्तोने या छोट्या गावी थांबावे. सारे अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर भरते आणि चार दिवस त्यास पुरतात. मोटार प्रत्येक ठिकाणी तटाबाहेर सोडावी लागते, आणि मग चढणीच्या फरसबंद गल्ल्यांतून पायी हिंडताना एकच प्रश्न पुनःपुन्हा मनात येतो. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची ही नगरे इतकी जशीच्या तशी राहिली कशी? इटालियन लोक कलाप्रेमी आहेत म्हणून, असे उत्तर सहसा मिळते. ते ऐकावयास गोड आहे, पण इतिहासाच्या कसोटीस पुरते उतरत नाही.

सान जिमिन्यानोपासूनच आरंभ करू. दूरवरून त्याचे मनोरे दिसू लागतात तेव्हा एखादे अर्वाचीन शहर आकाशात डोके काढून उभे आहे असा भास होतो. उत्तर युरोपातून रोमकडे जाणारा यात्रेकरूंचा महामार्ग येथून जात असे. इ. स. ९९० च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक रोमहून परतताना ज्या गावी थांबला, त्यांच्या यादीत या गावाचे नाव आहे. यात्रेकरूंमागून व्यापार आला. येथले केशर दूरदूर जाऊ लागले, सावकारी वाढली, आणि पैसा हाती येताच घराण्या-घराण्यांत चुरस लागली. पोपच्या पक्षाचे आर्दिंगेल्ली आणि सम्राटाच्या पक्षाचे साल्वुच्ची ही त्यांतली दोन प्रमुख घराणी. प्रत्येकाने आपापला मनोरा शेजाऱ्याच्या मनोऱ्याहून उंच नेण्याचा चंग बांधला. नगराच्या मनोऱ्यापेक्षा उंच मनोरा खाजगी माणसाने बांधू नये, असा निर्बंध तेराव्या शतकात घालावा लागला, यावरून ही चढाओढ कोणत्या थरास गेली असेल याची कल्पना येते. एके काळी येथे ७२ मनोरे होते अशी परंपरा आहे. आज सुमारे १४ उभे आहेत.

हे १४ तरी का उरले? १३४८ साली प्लेगने नगर उजाड केले. १३५३ साली कंगाल झालेले हे स्वतंत्र नगर फ्लॉरेन्सच्या अधीन झाले. यात्रेकरूंची वाटही हळूहळू डोंगर सोडून खालच्या खोऱ्यात सरकली. मनोरे पाडून नवे वाडे बांधावे इतका पैसा त्यानंतर कोणापाशीच उरला नाही. याच्या उलट, ज्या फ्लॉरेन्सने हे नगर घेतले त्याचे काय झाले ते पाहावे. फ्लॉरेन्समध्येही असेच मनोरे होते. ते तेराव्या शतकाच्या मध्यापासून कायद्याने छाटण्यात आले. पुढे १८६५ साली ते शहर नव्या इटलीची राजधानी होताच त्याच्या तटाचा मोठा भाग पाडून रुंद रस्ते काढण्यात आले, आणि त्याच शतकाच्या अखेरीस जुन्या बाजाराची सबंध वस्ती जमीनदोस्त करून तेथे प्रशस्त चौक करण्यात आला. लक्ष्मी ज्या घरी राहिली ते घर तिने मोडून पुन्हा बांधले. ज्या घरातून ती निघून गेली ते जसेच्या तसे राहिले. सान जिमिन्यानोस १९९० साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. जे मनोरे आज सारे जग पाहावयास येते, ते पाडण्याचे या गावास सामर्थ्य उरले नव्हते, म्हणून ते वाचले.

तेथून तीस किलोमीटरांवर वोल्तेर्रा आहे. वाट उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या टेकड्यांवरून जाते आणि नगराचे स्वरूपही तसेच करडे आहे. रोमचे राज्य होण्यापूर्वी या प्रदेशात एट्रुस्कन लोकांची बारा प्रमुख नगरे होती असे मानतात. वोल्तेर्रा त्यांपैकी एक. त्या काळच्या तटाचे अवशेष आणि कमानीची एक वेस आजही उभी आहे. वेशीच्या माथ्यावर दगडाची तीन मस्तके आहेत. ती देवतांची की आणखी कोणाची, हे सांगणे कठीण, इतकी ती दोन हजारांहून अधिक वर्षांच्या ऊनपावसाने झिजली आहेत.

वोल्तेर्राच्या स्वातंत्र्याचा शेवट तुरटीपायी झाला. कापड रंगविण्यास तुरटी अत्यावश्यक असे, आणि कापड हा फ्लॉरेन्सच्या वैभवाचा पाया होता. वोल्तेर्राच्या मुलखात तुरटीची खाण सापडली, तिच्या मालकीवरून तंटा झाला, आणि १४७२ साली लोरेन्झो दे मेदिचीच्या फ्लॉरेन्सने उर्बिनोचा सरदार फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो यास पाठवून नगर जिंकले. शरणागतीनंतर सैनिकांनी ते लुटले. लोरेन्झोचे नाव कलेचा आश्रयदाता म्हणून आपण आदराने घेतो. या नगरात त्याची आठवण निराळी आहे. नगरावर नजर ठेवण्यासाठी त्याने बांधविलेला भक्कम कोट अद्याप डोंगरमाथ्यावर आहे आणि आजही त्याचा तुरुंग म्हणून उपयोग होतो.

परंतु वोल्तेर्राची जी गोष्ट विसरू नये ती अगदी अलीकडची आहे. १९४४ च्या जूनअखेरीस मित्रसैन्य जवळ आले, तेव्हा त्यांची वाट अडविण्यासाठी ही प्राचीन वेस सुरुंगाने उडवून देण्याचे माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ठरविले. नागरिकांनी रदबदली केली. वेस दगडांनी पक्की बुजवून टाकली तर वाट आपोआपच बंद होईल, हे त्यांचे म्हणणे मान्य झाले. मात्र मुदत एका दिवसाची मिळाली. तेव्हा गावातील स्त्रीपुरुषांनी वेशीकडे जाणाऱ्या रस्त्याची फरसबंदी स्वतःच्या हातांनी उखडली, ते दगड वाहून आणून कमान भरून काढली, आणि वेस वाचविली. युद्ध सरल्यावर दगड पुन्हा रस्त्यात बसविण्यात आले. आजचा प्रवासी त्या उतारावरून वेशीकडे जातो तो त्याच दगडांवरून. येथे दैन्याने काही राखले असे म्हणता येणार नाही. ही वेस माणसांनी राखली, आणि तीही प्राणांवर बेतली असताना.

सिएनात या दोन्ही गोष्टी एकत्र पाहावयास मिळतात. फ्लॉरेन्सचे हे जुने प्रतिस्पर्धी नगर. १२६० साली मोन्तापेर्तीच्या रणात त्याने फ्लॉरेन्सचा मोड केला. त्याच्या पेढ्या युरोपभर पसरल्या होत्या. मात्र नगरास नदी नाही. डोंगराच्या पोटातून सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीचे बोगदे खोदून झऱ्यांचे पाणी आत आणावे लागले, व पाण्याचा एकेक थेंब हिशोबाने वापरावा लागला. अशा नगरास एकोप्याचे मोल कळणे स्वाभाविक होते. १२८७ पासून १३५५ पर्यंत नऊ जणांच्या मंडळाने येथे राज्य केले. प्रत्येक मंडळाची मुदत दोन महिन्यांची. तेवढा काळ त्या नऊ जणांनी घरदार सोडून नगरगृहातच राहावयाचे, असा नियम होता. प्रसिद्ध चौकाच्या विटांच्या फरशीचे जे नऊ भाग पाडले आहेत, ते याच मंडळाचे स्मरण म्हणून.

त्यांच्या बैठकीच्या दालनात आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ साली सुराज्य आणि कुराज्य यांची भित्तिचित्रे काढली. राज्यकर्ते मान वर करतील तिकडे त्यांना आपल्या कर्तव्याचे किंवा पापाचे चित्र दिसावे, अशी ही योजना. सुराज्याच्या चित्रात न्यायदेवतेच्या तराजूपासून दोरी निघते, ती एकोप्याच्या देवतेच्या हातातून पुढे जाते आणि ओळीने उभ्या असलेल्या २४ नागरिकांच्या हातात येते. एकोप्याच्या देवतेच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे. उंचसखल असेल ते तासून सारखे करणे हे तिचे काम. शेजारच्या भिंतीवर नगरात गवंडी काम करीत आहेत, दुकाने उघडी आहेत, नर्तन चालले आहे. वेशीबाहेर शेतकरी राबत आहेत आणि लादलेली जनावरे गावाकडे येत आहेत. समोरच्या भिंतीवर शिंगे असलेला जुलमी राजा, पायांशी बांधून टाकलेला न्याय, आणि ओसाड रान. विशेष असा की, पोपट उडून जावा तशी कुराज्याच्या चित्राची बरीचशी रंगपुटे गळून गेली आहेत, तर सुराज्याचे चित्र पुष्कळच शाबूत आहे.

हे चित्र पुरे झाल्यावर दहा वर्षांच्या आतच प्लेग आला. सिएनाची निम्मी किंवा त्याहूनही अधिक वस्ती त्यात गेली. आन्योलो दी तुरा या बखरकाराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याची नोंद करून ठेवली आहे. लोरेन्झेत्तीही याच साथीत गेला असावा. त्या वेळी नगरात एका प्रचंड कॅथीड्रलचे काम चालू होते. आहे तेच कॅथीड्रल लहान नव्हे. परंतु १३३९ साली असे ठरले होते की, त्याला नव्या मंदिराची केवळ आडवी बाजू करावयाची आणि मुख्य दालन नव्याने बांधावयाचे. प्लेगने ते काम थांबले ते कायमचेच. छपराविना उभी असलेली ती उंच भिंत आज प्रवासी पायऱ्यांनी चढतात आणि वरून नगराचा देखावा पाहतात. दीर्घ वेढ्यानंतर १५५५ साली उपासमारीने जर्जर झालेल्या सिएनाने शरणागती पत्करली, आणि दोन वर्षांनी ते मेदिचींच्या हवाली झाले. मध्ययुगीन इमारती जुनाट म्हणून पाडाव्यात आणि नव्या तऱ्हेच्या बांधाव्यात, असे करण्याइतकी ऐपत त्यास पुढे राहिली नाही. सिएनाचे गॉथिक सौंदर्य हे असे एका थांबलेल्या घड्याळाचे सौंदर्य आहे.

तरीही सिएना मृत नाही, आणि याचे श्रेय तेथील १७ पेठांकडे जाते. १७२९ साली त्यांच्या हद्दी कायम करण्यात आल्या त्या आजही चालू आहेत. प्रत्येक पेठेस आपले देऊळ, आपले संग्रहालय, आपले निशाण आणि आपला पाण्याचा झरा आहे. पेठेत जन्मलेल्या मुलास त्या झऱ्याच्या पाण्याने पेठेचा म्हणून स्वीकारण्यात येते. दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दिवशी मुख्य चौकात घोड्यांची शर्यत होते. १७ पैकी दहा पेठांचे घोडे धावतात, चौकास तीन फेऱ्या घालतात, आणि दीड मिनिटाच्या आतबाहेर सारे आटोपते. स्वार पडला तरी घोडा पहिला आला की पेठ जिंकली. परक्यास हा खेळ वाटतो. सिएनाच्या माणसास तो खेळ वाटत नाही. आपले नगर अजून आपले आहे याची ती वर्षातून दोनदा दिलेली ग्वाही असते. सान जिमिन्यानोच्या तटाच्या आत पाहुण्यांची दुकाने वाढली आणि रहिवाशांची बिऱ्हाडे घटली. सिएनातही पाहुणे कमी नाहीत, पण यजमान घरी आहे.

सिएनाहून दक्षिणेस निघाले की ओर्चा नदीचे खोरे लागते. पिवळ्या-हिरव्या लाटांसारख्या टेकड्या आणि सुरूच्या झाडांच्या रांगा यांची छायाचित्रे ज्याने पाहिली नाहीत असा सुशिक्षित मनुष्य विरळा. त्या खोऱ्यावर पिएन्झा उभे आहे. पूर्वी ते कोर्सिन्यानो नावाचे खेडे होते. तेथे जन्मलेला एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी १४५८ साली दुसरा पायस या नावाने पोप झाला आणि त्याने आपल्या जन्मगावाचे आदर्श नगर करण्याचे काम बेर्नार्दो रोसेल्लिनो या स्थपतीकडे सोपविले. तीन-चार वर्षांत कॅथीड्रल, वाडा आणि चौक तयार झाला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पलीकडे गेला. तरी पोपने स्थपतीस दोष न देता, खरा आकडा आधी सांगितला असता तर हे काम झालेच नसते, अशा अर्थाने त्याचे कौतुक केले. १४६२ साली त्याने आज्ञापत्र काढून या कॅथीड्रलमध्ये कोणीही फेरफार करू नये असे फर्माविले. दोन वर्षांनी तो वारला, आणि पुढच्या पोपांस या आडगावाशी काही कर्तव्य उरले नाही. आज्ञापत्रापेक्षा त्या उपेक्षेनेच पिएन्झाचे अधिक रक्षण केले असावे. मात्र भूमीने पोपची आज्ञा मानली नाही. कॅथीड्रलचा मागचा भाग ठिसूळ मातीवर बांधलेला असल्याने तो आरंभापासूनच खचत आला आहे.

चौकाच्या कडेला उभे राहून खालचे खोरे पाहताना आणखी एक विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. हा देखावा निसर्गाने केलेला नाही. तो शेतकऱ्यांनी केला आहे, आणि जमीन त्यांची नव्हती. टस्कनीत शतकानुशतके अर्धेलीची पद्धत चालू होती. मालकाने जमीन व घर द्यावयाचे, कुळाच्या सबंध कुटुंबाने राबावयाचे, आणि पीक निम्मे निम्मे वाटून घ्यावयाचे. लोरेन्झेत्तीच्या सुराज्यातील सुखी शेतकरी पाहताना हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुळे हजारोंनी शेत सोडून कारखान्यांकडे गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी झाली. ओस पडलेल्या त्या घरांपैकी कित्येक आज पाहुण्यांसाठी सजविलेली दिसतात. ज्यांनी सुरू लावले, बांध घातले, टेकड्यांना आकार दिला, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

नावाचा हा प्रश्न आम्हांस मोन्तोनेस घेऊन जातो. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एका टेकडीवर वसलेले हे लहानसे गाव. पंधराव्या शतकात ते ब्राच्च्योच्या नावाने गाजले. हा भाडोत्री सैन्यांचा सेनापती. १४१६ साली त्याने पेरुज्याचे राज्य मिळविले आणि १४२४ साली लाक्वीलाच्या वेढ्यात तो पडला. परंतु मराठी माणसाने येथे यावे ते दुसऱ्या एका नावासाठी.

१९४३ ते १९४५ या काळात इटलीत लढलेल्या हिंदी सैन्यापैकी ५,७८२ जणांना तेथे मृत्यू आला. फ्लॉरेन्सहून निघताना आपली वाट मोन्तेगुफोनी नावाच्या वाड्याच्या आसपासून गेली होती. तेथे सुरक्षिततेसाठी हलविलेली बोत्तिचेल्लीच्या ‘वसंता’सारखी अमोल चित्रे १९४४ च्या उन्हाळ्यात मिळाली, तेव्हा वाड्यात हिंदी आठव्या डिव्हिजनचे सैनिक होते. त्याच उन्हाळ्यात, १० जुलै १९४४ रोजी, टायबरच्या या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील एका कंपनीने शत्रूच्या ठाण्यावर हल्ला केला. जवळून सुरू झालेल्या मशीनगनच्या माऱ्याने एका तुकडीतील सारे शिपाई ठार किंवा जखमी झाले. उरला तो एकटा तिचा नाईक. त्याने क्षणाचाही विलंब न लावता मोर्चावर धाव घेतली, बॉम्ब फेकून मशीनगन बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि बंदुकीत पुन्हा गोळ्या भरावयास सवड नाही असे पाहून उरलेल्या दोघांस दस्त्याने ठार केले. इतक्यात दडून बसलेल्या शत्रूच्या गोळीने तो पडला. त्या नाईकाचे नाव यशवंत घाडगे. वय २२, गाव तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले पळसगाव. मरणोत्तर त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची निराळी समाधी नाही. कॅसिनो येथील स्मारकावर त्याचे नाव आहे.

जुलै २०२३ मध्ये मोन्तोनेच्या लोकांनी घाडग्यांचे एक स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपाचे आहे, आणि आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे वचन त्यावर आहे. हा तरुण कोणाच्या राज्यासाठी लढला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य विचारावा. तो स्वतःच्या देशाच्या सरकारचा शिपाई नव्हता, आणि ज्यांच्या गावासाठी तो पडला त्यांची भाषाही त्यास येत नव्हती. पण एकोणऐंशी वर्षांनंतर त्या गावाने त्याचे नाव आपल्या तटाशी जोडून घेतले, ही गोष्ट लहान नाही.

या नगरांस आरंभी डोंगराने राखले. वैभव गेल्यावर दैन्याने जपले. परंतु डोंगर खचतो, आणि दैन्य सरून पैसा पुन्हा येतो. आजच्या प्रवाशांच्या गर्दीबरोबर तो आलाच आहे. यापुढे या नगरांचे रक्षण करणारे तिसरेच कोणी असणार, आणि ते तेथे राहणारी माणसे होत: रस्त्याचे दगड उखडून वेस भरणारी, मुलास पेठेचे पाणी देणारी, परदेशी शिपायाचे नाव लिहून ठेवणारी. आपल्याकडचे अनेक गडही आज जागतिक वारशाच्या यादीत आले आहेत. त्यांच्या तटांची डागडुजी सरकार करील. पायथ्याच्या गावांतील माणसे ते तट आपले मानतील किंवा नाही, हे मात्र कोणत्याही यादीवरून ठरणार नाही.